यांगजीची पहिली खेप

नेपाळातल्या घुन्सा गावात कुणी लांबच्या वाटेला निघालं की मागे राहणाऱ्याने त्याच्या पेल्यात लोणी-मिठाचा चहा काठोकाठ ओतायचा, जाणाऱ्याने नुसता ओठ लावून पेला तसाच चुलीपाशी ठेवायचा, आणि दिवस मावळेपर्यंत घरात केरसुणी फिरवायची नाही, असा रिवाज. राहिलेला चहा माणसाला परत ओढून आणतो म्हणतात. यांगजीने एकतीस वर्षं हे काम चोख केलं होतं. तिचा नवरा छेवांग हा वाटाड्यांचा म्होरक्या. परदेशी पाहुण्यांना घेऊन कांचनजंगाच्या दोन्ही तळांवर, दक्षिणेच्या ओक्तांगला आणि उत्तरेच्या पांगपेमाला, वर्षाकाठी चार-पाच खेपा करायचा. तो निघाला की ती पेला भरायची, आणि संध्याकाळी तोच निवलेला चहा पुन्हा गरम करून स्वतः प्यायची, कारण लोणी काही फुकट येत नाही.

छेवांग मोठा बोलका गडी. पुढचा मुक्काम किती लांब, असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "अर्धा तास." एका जर्मन डॉक्टरला त्याने एकाच दुपारी नऊ वेळा अर्धा तास सांगितला होता, आणि तोच डॉक्टर पुढल्या वर्षी स्वतःच्या सासऱ्याला घेऊन हजर झाला. दमलेल्या गिऱ्हाइकाला अंतर विकायचं नसतं, उमेद विकायची असते, हे छेवांगला कुणी शिकवलं नव्हतं. पण ज्या पांगपेमावर त्याचा संसार चालला, तो त्याच्या बायकोने कधी पाहिलाच नव्हता. घरापासून तीन दिवसांची वाट. आधी मुलगी लहान होती, मग याकांची देखभाल, बटाट्यांची काढणी, मग यांगजीचा गुडघा. दर खेपेनंतर तो तासभर वर्णन करायचा, आणि ती मान हलवून म्हणायची, "पुढच्या वेळी नक्की."

मुलगी काठमांडूत स्थिरावली आणि छेवांगने काम सोडलं, तेव्हा त्याच्या मनात एकच इच्छा उरली होती. पांगपेमाच्या शेवटच्या वळणावर अख्खी बर्फाची भिंत एकदम समोर उभी राहते, त्या क्षणी माणसाचा चेहरा कसा होतो ते त्याने चार-पाचशे परक्या लोकांचं पाहिलं होतं. यांगजीच्या चेहऱ्याची जागा त्याने तेवढी रिकामी ठेवली होती.

दोघं निघाली ती गाव उठायच्या आत, कारण यांगजीला लाज वाटत होती. "म्हातारी या वयात मौजेला निघाली म्हणून हसतील सगळे," ती म्हणाली.

"मग पेले कोण भरणार? शेजारणीला हाक मारू का?"

"नको बाई. तिला सांगितलं की गोम्प्यातल्या लामापर्यंत बातमी जाईल. मीच ओतते, चहाला काय कळतंय!"

तिने आपल्या हाताने दोन पेले भरले. दोघांनी ओठ लावले आणि पेले चुलीपाशी शेजारी शेजारी ठेवले. दार लावताना छेवांगला क्षणभर वाटलं की काहीतरी उलटं झालं, जाणाऱ्यानेच स्वतःचा पेला भरला असं घुन्सात कधी झालं नव्हतं. पण तेवढ्यात समोरचा कडा तांबूस झाला, यांगजी अंगणातून "चला की आता" म्हणाली, आणि त्याने ओझं पाठीवर घेतलं.

दरडीच्या टप्प्यावर एक चपटा दगड आहे. दिसायला भक्कम, पण पाय ठेवला की डगमगतो. छेवांग सावध करायला वळला, तोवर यांगजी तो ओलांडून पुढे आली होती.

"तुला कसं कळलं?"

"तुम्हीच तर सांगता."

तो खूश झाला. आपलं वर्णन इतकं पक्कं असेल याची त्याला कल्पना नव्हती.

खांबाचेनला नीमा पुतीचं लॉज. विधवा बाई, जीभ तिखट, थट्टेत तिचा हात धरणारा त्या खोऱ्यात कुणी नाही. यांगजी उंबऱ्यात दिसताच ती ओरडली, "आलात का वहिनी! किती वाट बघायची माणसाने? मागच्या खेपेचा तुमचा पेला अजून तसाच आहे इथे." आणि फळीवरून एक भरलेला पेला उचलून तिने यांगजीच्या पुढ्यात ठेवला.

"नीमा, अगं ती पहिल्यांदाच येतेय," छेवांग हसत म्हणाला.

"हो, आणि मी पहिल्यांदाच बटाटे उकडतेय. बसा दाजू, पाय सोडा."

यांगजी खिडकीच्या कोपऱ्यात गेली, न विचारता बाकाखाली हात घालून तिने मेंढीचं कातडं ओढून काढलं, मांडीवर घेतलं आणि चहा प्यायली. पेल्यातून वाफ निघत होती.

दुसऱ्या दिवशी ल्होनाकपर्यंतच्या चढावर ती एकदाही गुडघा धरून थांबली नाही. छेवांगला बरं वाटायला हवं होतं.

ल्होनाकला लॉज चालवणाऱ्या गोम्बूला थट्टा येत नाही. वीस वर्षांत त्याने केलेला एकही विनोद कुणाला आठवत नाही, आणि दुसऱ्याने केलेला त्याला समजत नाही. त्याने छेवांगसाठी कोरा पेला काढला आणि यांगजीसाठी मागल्या खोलीतून भरलेला आणला. "वहिनी, हा तुमचा."

छेवांग त्याला याकांच्या गोठ्याकडे घेऊन गेला. "गोम्बू, खरं सांग. ही याआधी इथे आलीय?"

"दाजू, वरच्या हवेने डोकं तर दुखत नाही ना तुमचं? पाहुणे पुढे, त्यांच्यामागे तुम्ही, तुमच्यामागे वहिनी. दर खेपेला असतात. आणि तुमचं तोंड सारखं चालू, हे बघ, ते बघ, इथे जप. आम्ही म्हणतो, बायकोशी इतकं बोलणारा माणूस पाहिला नाही."

यातलं शेवटचं तरी खोटं नव्हतं. रांगेच्या शेवटी चालताना तो खरंच पुटपुटत असे. यांगजी, तो बघ निळ्या मेंढ्यांचा कळप. यांगजी, इथे बर्फ पोकळ आहे. एकट्याची सवय, तिचं कुणाला काय! पण कुणी ऐकत होतं, आणि हाकेसरशी येत होतं, तर मग तिने ते शेवटचं वळण केव्हाच पाहिलं असणार. जो चेहरा त्याने एवढी वर्षं राखून ठेवला होता, तो त्याच्या पाठीमागे, त्याला न दिसता, होऊन गेला असणार. भीतीपेक्षा त्याला वाईटच जास्त वाटलं.

सकाळी हिमनदीच्या कडेने चालताना त्याने शेवटी विचारलंच. "तू येत होतीस?"

"तुम्ही हाक मारायचात. यायला नको?"

"मग घरी कोण होतं? मुलीला कुणी वाढवलं?"

"घरी असायची तिनेच की," यांगजी सहज म्हणाली. "ती बिचारी कुठे जाणार घर सोडून? किती वेळा म्हटलं, आणा तिला एकदा. तुम्ही आपले पुढच्या वेळी, पुढच्या वेळी."

"आणि मी? यांगजी, मी कोण?"

तिने त्याच्या गळपट्टीवरचं दहिवर मायेने झटकलं, लहान मुलाचं झटकावं तसं. "तुम्ही बडबड कमी करा. चढ आहे पुढे."

शेवटच्या वळणावर ढग होते. दोघं एका सपाट दगडावर बसली, आणि काही वेळाने, पडदा बाजूला सरावा तशी, ती भिंत उघडी झाली. छेवांगने तिकडे पाहिलंच नाही. तो यांगजीकडे बघत होता, आणि तिचा चेहरा अगदी तसा झाला, त्याने रिकाम्या ठेवलेल्या जागेत नेमका बसेल असा. ओठ किंचित विलग, डोळे भरलेले, वीस वर्षांची असताना होती तशी. त्याच्या छातीतलं ओझं उतरलं. मग त्याच्या लक्षात आलं की ती डोंगराकडे पाहत नाही. ती आल्या वाटेकडे पाहत होती.

खाली, हिमनदीच्या काठाने, दोन माणसं येत होती. पुढचा दर दहा पावलांवर थांबत होता, मागे वळत होता, हात पुढे करत होता. मागची दगडावर टेकली की तोही तिच्याशेजारी टेकत होता. घाई कसली ती नव्हतीच.

"कोण आहेत ते?" छेवांगने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला.

"चाल नाही ओळखलीत?" यांगजी हसली. "खरंच आहे, आपली चाल आपल्याला कुठे दिसते!" तिने डोळे पुसले. "आणलं बाई शेवटी त्याने तिला."

मग ती उठली, छेवांगचा हात धरून तिने त्यालाही उठवलं, आणि त्या दोघांना बसायला दगड मोकळा करून दिला.