८७८०६९ मूळ आहे का?

जठारपेठेच्या बाजारात गोपाल या आपल्या नवऱ्यासोबत भाजी विकणाऱ्या गीतांजलीने अमरावतीच्या कॉलेजात गणिताची दोन वर्षं काढली होती. नव्या वजनकाट्याच्या पाठीवर ८७८०६९ हा नंबर दिसला आणि तिचं चित्त त्यातच अडकलं. ही मूळ संख्या असेल का? एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी?

ठरवायला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ९३७ पर्यंतच्या, एकशे एकोणसाठ मूळ संख्यांनी भागून बघायचं होतं. गिऱ्हाईक नसलं की ती वही उघडायची. सव्वा महिन्यात सगळे भागाकार झाले, एकही पूर्ण गेला नाही; म्हणजे मूळच. तिने कॉलेजातल्या शकुन मॅडमना फोन केला. मॅडम हरखल्या. "शनिवारी कार्यक्रम आहे. ये आणि पोरींना सांग."

शुक्रवारी दुपारी वांगी रचता रचता तिला दिसलं, हा आकडा म्हणजे ९३७चा वर्ग अधिक दहाचा वर्ग. गंमत वाटली, म्हणून तिने पुढे पाहिलं. ९३५चा वर्ग अधिक ६२चा वर्ग. तोच आकडा! तिने वांगी बाजूला सारून वही ओढली. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता आली, तर एकाच रीतीने येते. इथे दोन निघाल्या होत्या.

"काय झालं वो?" गोपालने विचारलं.

"माह्यं गणित चुकलं. हे मूळ नाही."

"मंग फोन करून सांग, जाऊ नको."

"कुठं चुकलं तेच सापडलं नाही, तं सांगू काय?"

तिथेच तिने पहिल्यापासून तपासायला घेतलं. शनिवारी बसमध्येही वही मांडीवर होती. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. अमरावतीला उतरली तेव्हा ६६१ पर्यंत पोचली होती, आणि चूक अजून लपलेलीच.

मॅडमनी कौतुकाने नाव घेतलं. गीतांजली फळ्याजवळ गेली, दोन्ही बेरजा लिहिल्या आणि म्हणाली, "मी सांगितलं ते खोटं निघालं."

मागून एक पोरगी म्हणाली, "मंग कशाने भाग जाते, ताई?"

"६६१ पर्यंत कशानेच नाही. पुढचं मले माहीत नाही."

मॅडमनी पोरींना पुढची एकेक मूळ संख्या वाटून दिली. वह्या सळसळल्या. गीतांजलीला उभं राहवेना, बसवेना. शेवटी खिडकीजवळची सीमा ओरडली, "६७७! बाकी शून्य!"

गीतांजलीने वहीत पान शोधलं. सहाशे सत्त्याहत्तर नवे सहा हजार त्र्याण्णव. तिने त्र्याऐंशी लिहिलं होतं. म्हणून बाकी शंभर उरली होती. तिने तिथेच खोडलं आणि फळ्यावर लिहिलं: ६७७ × १२९७. पोरी टाळ्या वाजवू लागल्या, तशी ती लाजली.

बाहेर येऊन तिने गोपालला फोन लावला. "सापडलं."

"कालपासून घास नाही पोटात. आता तरी खाशील?"

"खातो," ती म्हणाली. तिने वही मिटून पिशवीत टाकली.