चिकटवलेला कागद

आत्याच्या दुकानातून कोणी चुकीच्या नंबरचा चष्मा घेऊन गेल्याचं ऐकिवात नव्हतं, आणि असतं तरी आत्याने ते ऐकून घेतलं नसतं. गिऱ्हाईकाला यंत्रापुढे बसवायचं, हनुवटी टेकवायला लावायची, कपाळ पट्टीला चिकटवायचं, "हलायचं नाही" असा दम द्यायचा आणि भिंगं बदलत विचारायचं, "हे बरं की आधीचं?" एवढं झालं की निकाल लागला, त्यावर अपील नाही. पडद्यांच्या रंगापासून भाच्यांच्या नोकऱ्यांपर्यंत घरातले सगळे प्रश्न ती याच पद्धतीने सोडवत आली होती. खरं सांगायचं तर बहुतेक सुटलेही होते.

त्यामुळे धाकट्या भावाने फोनवर "ताई, टिंबूचं काही खरं नाही" म्हटलं, तेव्हा ती घाबरली नाही. दुकानातल्या खुर्चीत ऐसपैस बसली आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांग."

टिंबू ही भावाची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिंबू. आता बापापेक्षा उंच झाली होती, पण नाव तेवढंच राहिलं होतं. डावखुरी, अबोल, आणि पेन्सिल हातात आली की जेवायचं विसरणारी. डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची हे तिने शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं.

"या वर्षीपासून सगळं कॉम्प्युटरवर काढायचं आहे," भाऊ म्हणाला. "कॉलेजच्या टॅबलेटवर तिला एक रेघ सरळ येत नाही. सगळी चित्रं कलंडलेली. आता म्हणते, चित्रं सोडते आणि पॅकेजिंगच्या शाखेला जाते. सोमवारी अर्ज देणार आहे."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? नाचता येईना अंगण वाकडं. लहानपणापासून सांगतोय, सरळ बस, सरळ बस. घसा बसला माझा."

"कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं," आत्या म्हणाली. "रविवारी येते मी. तोवर तिला एक अक्षर बोलू नकोस."

फोन ठेवल्यावर मात्र तिला आपली गिऱ्हाइकं आठवली. चुकीचा चष्मा लागलेली माणसं चष्म्याला नावं ठेवत नाहीत, हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. ती म्हणतात, माझे डोळेच गेले. टिंबूचं तेच चाललं होतं. तिला स्वतःचा टॅबलेट भेट द्यायचा हे आत्याने तिथल्या तिथे ठरवलं; पण तो बिनचूक हवा होता. चुकीचा दिला तर पोरगी सगळा दोष हाताला देणार आणि मग तो हात पुन्हा चित्राकडे वळणार नाही. मग ती उठली आणि कामाला लागली, कारण असल्या भीतीवर तिला तेवढंच औषध माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी तिने टिंबूला दुकानात बोलावलं. वाचता न येणाऱ्या पोरांचे डोळे तपासायला भिंतीवर चित्रांचा एक तक्ता होता: बदक, होडी, कप, घर. तो उन्हाने पार उडाला होता.

"नवा काढून दे," आत्या म्हणाली. "आणि जरा सरळ काढ. तपासणीचा तक्ता आहे, वाकडा चालत नाही."

तिने कागद काउंटरवर अंथरला आणि चारी कोपरे चिकटपट्टीने घट्ट चिकटवले. टिंबू काढायला लागली. आत्या चष्म्याच्या काड्या पुसत असल्याचं सोंग करून डोळ्यांत तेल घालून पाहत राहिली. पोरगी मनगटाने नाही, कोपरापासून हात फिरवत होती, म्हणजे टॅबलेट मोठा हवा. कॉलेजातल्या त्या वहीएवढ्या पाट्यांवर हिचा हात गुदमरणार नाही तर काय? नजर भिंतीवरच्या जुन्या तक्त्यावर आणि हात आपला खाली चालतोय, म्हणजे हाताकडे न बघता काढता येतं. मधेच टिंबू काउंटरला वळसा घालून कडेला गेली आणि तिथून वाकून काढू लागली.

"एका जागी उभी राहा गं," आत्या म्हणाली.

टिंबू मुकाट्याने जागेवर आली. तक्ता सुरेख झाला, फक्त वेळ फार लागला. वेळ का लागला हे आत्याने विचारलं नाही. तिचा निकाल लागला होता.

टॅबलेटच्या दुकानातल्या विक्रेत्याने तिच्यापुढे आधी स्क्रीनवालाच ठेवला. "मॅडम, यात थेट चित्रावरच पेन टेकतं. भेट म्हणून हाच घेतात सगळे."

"सगळ्यांना एकच नंबर असतो का?" आत्याने विचारलं. विक्रेत्याला प्रश्न कळला नाही, पण आत्याला त्याची अडचण नव्हती. "यावर ती दिवसभर वाकून बसेल. मान जाईल, डोळे जातील, आणि ते मलाच निस्तरावे लागतील. ती काळी पाटी दाखवा, कॉम्प्युटरला जोडायची, हात खाली चालतो आणि चित्र समोरच्या पडद्यावर उमटतं ती. मोठी."

मग तिने पाटीवरची बटणं डाव्या हाताखाली दाबली जातात का ते पाहिलं, पाटी उलटी फिरवून ती उजव्या बाजूला नेता येतात याची खात्री करून घेतली, पेन बोटांवर तोलून पाहिलं आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक शिरायच्या आत खरेदी उरकली. विक्रेत्याने दारापर्यंत येऊन निरोप दिला. आदराने दिला की सुटकेने, हे सांगता येत नाही.

रविवारी टिंबूने खोकं उघडलं आणि तिचा चेहरा आधी उजळला, मग लगेच पडला. "आत्या, कशाला गं? मी सोडतेय ना."

"सोड की. आधी एक बदक काढ."

पाटी जोडली. टिंबूने ती मांडीशी ओढली आणि पेन टेकवलं. बाप खुर्चीमागे उभा राहिला. स्क्रीनवर बदक उमटायला लागलं, आणि उमटता उमटताच ते मागे कलंडलं. तिने पुसलं. दुसरं काढलं, तेही कलंडलं. पाटी टेबलाच्या कडेला सरळ लावून तिसरं काढलं. ते उभं राहिलं खरं, पण त्याची रेघ अशी थरथरत होती की बदकाला हुडहुडी भरल्यासारखं वाटावं.

"सरळ बस," बाप सवयीने म्हणाला.

टिंबूने पेन खाली ठेवलं. "बाबा, बसण्याचं नाहीये हे. माझा हातच वाकडा आहे." रडली नाही. नुसतं सांगितलं, नंबर वाचून दाखवावा तसं.

आत्याला ज्याची भीती होती ते नेमकं हेच वाक्य होतं, आणि ते तिने स्वतः विकत आणलेल्या पाटीवर उमटलं होतं. आत्या हललेली त्या घराने कधी पाहिली नव्हती. आता तिचा हात उगाचच चष्म्याची काडी चाचपत होता. मग तिने पर्समधून बिलाचा एक कोरा कागद काढला आणि टिंबूपुढे टाकला.

"यावर काढ. पेन्सिलने."

टिंबूने कागद घेतला, आणि काढायच्या आधी, अगदी नकळत, तो उजवीकडे फिरवला. चांगला तिरका केला. मग एका दमात बदक काढलं. बदक ताठ मानेने पोहत होतं.

"सापडलं," आत्या म्हणाली. तिने खुर्ची ओढली आणि धपकन बसली. "तू कागद तिरका धरतेस."

"डावखुरी आहे मी, आत्या. नेहमीच धरते."

"नेहमी धरतेस, आणि मी तुला तपासताना तोच चारी बाजूंनी चिकटवून टाकला. तू वळसा घालून तुझा कोन शोधत होतीस, तर मी म्हटलं, एका जागी उभी राहा." तिने भावाकडे पाहिलं. "हिचा हात सरळ आहे. पाटी तिरकी धरली की सरळ पडद्यावरचं चित्र कलंडतं, आणि सरळ धरली की हात अडखळतो. तपासणी माझी चुकली. स्क्रीनवाला घेतला असता तर कागदासारखा फिरवता आला असता. उद्या बदलून आणते."

आत्याच्या तोंडून "चुकली" हा शब्द भावाने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"पण तुझ्याकडे तिरक्या नंबरचे डोळेही येतातच की," टिंबू म्हणाली. "त्यांचं काय करतेस?"

"त्यांचं काय? डोकं सरळच ठेवायचं. भिंग फिरवायचं, नजर जुळेपर्यंत."

टिंबू पाटीकडे बघत राहिली. मग तिने ती टेबलाच्या कडेला सरळ लावली आणि स्क्रीनवर काहीतरी शोधू लागली. दोन-तीन ठिकाणी चुकली आणि मग सापडलं: पडद्यावरचा कोरा कागद हळूहळू उजवीकडे फिरला, तिच्या बिलाच्या कागदाइतकाच तिरका झाला. तिने पेन टेकवलं. रेघ निघाली ती थेट चोचीपासून शेपटीपर्यंत, मधे कुठेही न थबकता.

"हे बरं की आधीचं?" आत्याने विचारलं.

टिंबूने बदकाखाली पाणी काढलं, पाण्यावर होडी काढली आणि होडीत कोणीतरी जाडं, चष्मा लावलेलं बसवायला घेतलं. ती कमरेत वळली होती, एक खांदा वर, एक खाली, आणि नाक जवळजवळ स्क्रीनला लागलेलं. बापाने तोंड उघडलं. आत्याने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

त्याने तोंड मिटलं. मग तो लेकीच्या खुर्चीमागे जरा पुढे सरकला आणि तिचं चित्र नीट दिसावं म्हणून त्याने स्वतःची मान तिरकी केली.