व्याह्यांचा स्लॅब

पंपचालकाला त्या सकाळी एका जागी बसवत नव्हते. जुन्या पंपघरातील खुर्चीवर तो टेके, उठून दाबाचा काटा पाही, पुन्हा टेके, आणि काटा कोठे होता हेच न आठवल्यामुळे पुन्हा उठे. पहाटेची पाळी संपायला अर्धा तास उरला होता. खिडकीतून पलीकडे नवे पंपघर दिसत होते. भिंती उभ्या होत्या, छताखालच्या फळ्यांचे सेंट्रिंग ठोकून झाले होते, वर सळयांची जाळी विणलेली होती. दहाच्या ठोक्याला काँक्रीटच्या गाड्या येऊन छताचा स्लॅब ओतला जाणार होता. ज्या फोरमनच्या हाताखाली हे काम चालले होते तो परका नव्हता. तो पंपचालकाचा व्याही होता. पंपचालकाची एकुलती एक लेक त्याच फोरमनच्या घरी सून होऊन नांदत होती.

या कामाची रीत नवीन होती व ती येथे सांगणे अगत्याचे आहे. पूर्वी पाणीपुरवठा विभाग एकाकडून नकाशा काढून घेई आणि दुसऱ्याकडून बांधून घेई. मग भेग पडली की बांधणारा म्हणे नकाशाच वाकडा, आणि नकाशावाला म्हणे बांधणाऱ्याचे हातच वाकडे. त्यांचे भांडण मिटेपर्यंत लोकांच्या नळाला पाणी येण्याचे वर्ष पुढे ढकलले जाई. या खेपेस विभागाने नकाशा आणि बांधकाम ही दोन्ही कामे एकाच कंपनीच्या गळ्यात घातली. आपल्याला काय हवे याची यादी तेवढी विभागाने लिहून दिली. ते कसे साधायचे हे कंपनीने पाहावे. "आता एकच कान आहे, तोच पिळायचा," असे विभागाचे साहेब म्हणत.

ती यादी करताना साहेबांनी पंपचालकालाही बोलावून विचारले होते, "तुम्हाला काय पाहिजे ते बोला." सव्वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्याला कोणी प्रथमच विचारला होता. तो इतका गांगरला की त्याला एकच गोष्ट सुचली. "पंप दुरुस्तीला काढताना सरळ वर उचलला जावा, साहेब." जुन्या पंपघरात छताची कप्पी पंपाच्या डोक्यावर नव्हती, ती हातभर बाजूला होती. तिरका उचललेला पंप एकदा झोक्यासारखा आला आणि त्याच्या डाव्या पायाची दोन बोटे घेऊन गेला. साहेबांनी ते वाक्य जसेच्या तसे यादीत घातले. एकशे चाळीस कलमांत त्याचे ते एक कलम होते, आणि त्याचा त्याला मनोमन अभिमान वाटे.

आता त्याच कलमाने त्याचे स्वास्थ्य हिरावून घेतले होते. पाया खणताना कठीण खडक लागला, तेव्हा कंपनीच्या नकाशा काढणाऱ्या मॅडम आणि फोरमन यांनी एकाच टेबलाशी बसून दुपारभरात मागची भिंत दोन फूट आत घेतली. तिच्याबरोबर पंपांचे ओटेही सरकले. पूर्वीच्या रीतीने एवढ्याला तीन महिने पत्रापत्री चालली असती. छताचा नकाशा तोपर्यंत मॅडमच्या कचेरीतच होता, साइटवर आलेलाही नव्हता. या रीतीत पाया पुढे धावतो आणि छत कागदावर मागून येते. काल संध्याकाळी मजूर गेल्यावर पंपचालक सहज वर चढला. ज्या लोखंडी पट्ट्यांना पुढे कप्पीचा गर्डर लागायचा, त्या सळयांमध्ये बसवलेल्या दिसल्या. त्याने मागच्या भिंतीपासून पावलाला पाऊल लावून मोजले. खाली येऊन भिंतीपासून ओट्यापर्यंत तसेच मोजले. दोन पावलांचा फरक येत होता. परंतु अधू पायाच्या मापावर विश्वास कोण ठेवणार? त्याचा स्वतःचाही बसेना.

घरी गेल्यावर त्याने हातात फोन घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला.

"कुणाला लावताय?" बायकोने विचारले.

"व्याह्यांना. स्लॅबमध्ये चूक आहे बहुतेक."

"बहुतेक?" तिने कपड्यांच्या घड्या घालायचे थांबवले. "अहो, चूक तुमची निघाली तर हसू होईल, आणि त्यांची निघाली तर रडू. हसतील ते तुम्हाला, रडेल ती आपली पोरगी. उद्या त्यांचे मोठे साहेब यायचेत स्लॅब बघायला, तीच सांगत होती. सासरे चार दिवस धड जेवलेले नाहीत म्हणे."

"म्हणून गप्प बसू?"

"मी कुठं म्हटलं गप्प बसा? पण तुमचा पाय आणि तुमचा हिशेब, दोन्ही मला ठाऊक आहेत."

फोन राहूनच गेला. खरे तर अडचण मापाची नव्हतीच. दोन महिने हे दोघे व्याही रोज एकमेकांसमोर चहा पीत होते. पण बोलणे काय, तर तब्येत बरी ना, घरी सगळे मजेत ना. मुलीच्या सासऱ्याला त्याच्या धंद्यातले शहाणपण शिकवायचे म्हणजे कोणत्या तोंडाने?

पाळी संपताच तो तरातरा नव्या पंपघराकडे निघाला. फोरमन नवा शर्ट घालून उभा होता.

"या पाहुणे! अगदी मुहूर्तावर आलात. चहा सांगू?"

"नको. म्हणजे... सांगा."

"तब्येत बरी ना? चेहरा उतरलाय."

"बरी आहे. तुमची?"

"स्लॅब ओतून होऊ द्या, मग विचारा."

पंपचालकाने तोंड उघडले आणि गरम चहाचा घोट घेऊन मिटले. इतक्यात पहिली गाडी फाटकातून आत शिरली. तिचे पिंप गरगरत होते. तिच्या मागे दुसरी होती. मजूर वर चढले, कोणीतरी शिट्टी वाजवली, कंपनीचे मोठे साहेब मोटारीतून उतरले, आणि मॅडम कागदांची गुंडाळी घेऊन आल्या. काँक्रीटचा पाइप वर चढू लागला तसा पंपचालकाचा जीव खाली जाऊ लागला.

"थांबा!" तो ओरडला. आवाज इतका मोठा निघाला की तो स्वतःच दचकला. "थांबवा हो! कप्पी पंपावर येत नाही!"

सगळे थांबले, पिंप मात्र फिरत राहिले. फोरमनचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"पाहुणे, हे काय चालवलंय? माझ्या साइटवर? या लोकांपुढं?"

"ओळंबा सोडा. चुकलो तर चार शिव्या द्या."

"शिव्या कशा देऊ? सुनेचे वडील तुम्ही!"

मॅडमनी वाद ऐकला नाही. त्यांनी सेंट्रिंगच्या फळीत भोक पाडायला सांगून पट्टीच्या मध्यावरून दोरीला टांगलेला ओळंबा खाली सोडला. तो हळूहळू डोलत स्थिर झाला, ओट्यापासून बरोबर दोन फूट दूर. मॅडमनी गुंडाळी उलगडून नकाशाच्या कोपऱ्यातील तारीख वाचली.

"छत मी जुन्या भिंतीवरून काढलं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "भिंत सरकवायच्या आधीचा कागद आहे हा."

"मी नकाशाप्रमाणेच पुढच्या भिंतीपासून मोजून पट्ट्या बसवल्या," फोरमन ताडकन बोलला. "माझा काय दोष?"

"नकाशा तुमच्या हातात होता, आणि भिंतही तुम्हीच सरकवली होती," मॅडम म्हणाल्या. त्या पुढेही बोलणार होत्या, पण मोठे साहेब दोघांकडे आलटून पालटून पाहत होते, आणि एक म्हातारा गवंडी वरून म्हणाला, "भांडा, भांडा! पगार दोघांचा एकाच खिडकीवर आहे." मजूर हसले. मॅडमही ओशाळून हसल्या. फोरमन हसला नाही.

काँक्रीट वाया जाऊ नये म्हणून गाड्या कुंपणाच्या पायाकडे वळवल्या गेल्या. मॅडमनी एका फळीवर बसून पट्ट्यांची नवी जागा आखली. मोठ्या साहेबांनी, स्लॅब उद्या, एवढेच म्हटले आणि ते गेले. ते निंदा करून गेले की स्तुती, हे कोणालाच कळले नाही.

मग फोरमन व्याह्यांसमोर येऊन उभा राहिला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"काल. संध्याकाळी."

"संध्याकाळी! आणि माझा नंबर नव्हता तुमच्याकडं?"

"होता. पण तुम्ही व्याही..."

"व्याही घरी! इथं मी फोरमन आहे. कानात सांगितलं असतंत तर रात्रीत फिरवल्या असत्या पट्ट्या. चारचौघांत अब्रूचा पार खुर्दा केलात."

फोरमनने खिशातून सळयांची तार सोडायचा आकडा काढला आणि पंपचालकाच्या हातात दिला.

"चला वर. तुम्ही शोधलीत, तुम्हीच सोडा."

दोघे शेजारी शेजारी उकिडवे बसून तारा सोडू लागले. दुपारपर्यंत फोरमन एकेक तार भराभर मोकळी करत पुढे सरकत होता. पंपचालकाचा आकडा पुन्हा पुन्हा निसटे. ही शिक्षा आहे की समेट, त्याला उमगेना. विचारावे तर धीर होईना. एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. लेक होती.

"बाबा, काय झालं तिकडं? ह्यांना कुणीतरी सांगितलं म्हणे, तुम्ही मामंजींचा स्लॅब थांबवलात! रागावलेत का ते?"

पंपचालकाने फोरमनकडे पाहिले. फोरमनला सारे ऐकू आले होते. तारेचा पीळ उलगडत, मान वर न करता तो म्हणाला, "तिला सांगा, मी रागावलोय. आणि जेवायला आज दोघं येतोय, उशिरा."