आधीच टाइप केलेली उत्तरे

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही बहरीनमध्ये, उम्म अल हस्सममधल्या एका अरुंद दुकानात शिरला आहात. बाहेर दुपारचे ऊन इतके कडक की रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका बाजूला कोल्ड स्टोअर, म्हणजे तिथले किराणा आणि सरबताचे दुकान; दुसऱ्या बाजूला शिंपी. मधल्या या दुकानात एक टेबल, तीन खुर्च्या, घरघरणारा एसी, आणि कोपऱ्यात रेक्झिनच्या खोळीखाली काहीतरी जड झाकून ठेवलेले. ती खोळ काढा. धूळ नाकात जाईल, जपून.

मी एक जुना टाइपरायटर आहे. माझी अक्षरे इंग्रजी आहेत, पण माझ्यासमोर बोलले गेले ते बहुतेक मराठीच, त्यामुळे मला दोन्ही कळतात. मुंबईच्या एका कारखान्यात मी तयार झालो. १९८१ साली महाडच्या तौकीरने मला विकत घेतले आणि सामानात टाकायला धीर होईना म्हणून विमानात पायांशी धरून बहरीनला आणले. परवाना मिळताच त्याने हे टायपिंगचे दुकान थाटले.

पहिली दहा-बारा वर्षे मला उसंत नव्हती. रजेचे अर्ज, व्हिसाचे अर्ज, शाळाप्रवेशाचे अर्ज. सित्राच्या कारखान्यांतले कामगार कंपनीच्या बसमधून उतरले की थेट आमच्याकडे येत. तौकीर रोज सकाळी माझी अक्षरे ब्रशने घासायचा आणि महिन्यातून एकदा तेल द्यायचा. लोक म्हणत, "तौकीरभाईचं मशीन लकी आहे." मशीन लकी नसते, मित्रांनो. ते स्वच्छ असते किंवा नसते, एवढेच. पण कौतुक ऐकून मलाही बरे वाटे.

१९८९ मध्ये एका परदेशी सरकारच्या वकिलातीने पहारेकऱ्यांची भरती सुरू केली. पगार चांगला, व्हिसा पक्का. फॉर्म छापील होता आणि उजवीकडे उत्तरांचा रकाना होता. त्यात सतरावा प्रश्न असा होता: तुम्ही आयुष्यात कधीही गांजा किंवा तशी नशा केली आहे का? 'हो' आले की अर्ज बाजूला. पुढचे पान कोणी उलटतही नसे.

हर्णैचा जमालुद्दीन सित्रातल्या एका कंपनीच्या गेटवर काम करायचा. १९९१ साली त्याने हा फॉर्म भरला आणि सतराव्या प्रश्नाला खरे उत्तर दिले. आठ दिवसांत अर्ज परत आला.

"तुला खरं बोलायला कोणी सांगितलं व्हतं?" तौकीरने विचारले.

"फॉर्मनं विचारलं ना," जमालुद्दीन म्हणाला.

तौकीरला त्याचे वाईट वाटले. तसा तो परोपकारी माणूस. त्याने एक पद्धत पाडली. सकाळी गिऱ्हाईक नसले की वकिलातीचे दहा-दहा कोरे फॉर्म घ्यायचे आणि उजव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नो' मारून ठेवायचे. तुरुंगात गेलात का? नो. जुना आजार आहे का? नो. गांजा? नो. मग माणूस आला की नाव आणि पासपोर्टचा नंबर टाइप करायचा, सही घ्यायची. खलास. पाच मिनिटांत काम. "तौकीरभाईकडचा फॉर्म पास होतो," अशी ख्याती झाली. त्या रकान्यात कितीजणांची उत्तरे खरी होती, ते मला ठाऊक नाही. मला कोणी प्रश्न वाचून दाखवलेच नाहीत. मी फक्त उत्तरे छापली.

१९९५ मध्ये दुकानात कॉम्प्युटर आला आणि मी कोपऱ्यात गेलो. माझी रिबीन वाळली, 'ई' अर्धवट उठू लागले. छापील फॉर्मवरची चौकट मात्र कॉम्प्युटरला साधत नसे. म्हणून तेवढ्यापुरती माझी खोळ निघायची. तेल देणे बंदच झाले.

पुढच्या वर्षी वकिलातीने फॉर्म बदलला. दुकानाच्या वरच्या मजल्यावर पुण्याचे गुरुप्रसाद नावाचे अकाउंटंट राहत. ते चहाला खाली आले होते.

"तौकीरभाई, त्या लोकांची गांजाकडे बघायची नजर बदललीय म्हणतात," ते म्हणाले. "कॉलेजात एकदा ओढला म्हणून माणूस बाद करायचा, तर भरतीला उरायचं कोण? आता 'कधीही' असं विचारत नाहीत. 'अलीकडे' असं विचारतात."

"फॉर्म बदलू दे की," तौकीर म्हणाला. "नो तर तेच आहे ना? नो म्हटल्यानं आजपर्यंत कोणाचं काय बिघडलंय?"

"तुम्ही एकदा वाचून तरी बघा."

"साहेब, मी वाचत बसलो तर टाइप कोण करील?"

आणि त्याने नव्या फॉर्मचा गठ्ठाही जुन्याच पद्धतीने भरून ठेवला.

त्याच सुमाराला सित्रातल्या कंपनीचे काम संपत आले. जमालुद्दीनचा व्हिसा कंपनीचा. दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर बायको-मुलीसह गावी परतायचे, आणि ईसा टाउनच्या शाळेत पाचवीत शिकणाऱ्या हुदाचे वर्ष मध्येच तुटायचे. वकिलातीत पुन्हा जागा निघाल्या होत्या. शाळेला सुट्टी असलेल्या एका दिवशी अकराच्या सुमाराला जमालुद्दीन दुकानात आला. बरोबर हुदा होती. दहा वर्षांची, चष्मा लावणारी. मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तर बहुतेक इंग्रजीत यायचे.

तौकीरने भरलेला फॉर्म माझ्यात चढवला, नाव आणि नंबर छापला आणि कागद पुढे सरकवला. "मार सही. इंशाल्ला, या वेळी काम होतंय."

जमालुद्दीनने पेन उघडले. हुदा टेबलावर कोपरे टेकून रकाना वाचत होती.

"अब्बा, धिस इज राँग," ती म्हणाली.

"काय राँग, बाय?"

"यू अप्लाइड बिफोर. मम्मीने सांगितलंय मला. इथे विचारलंय, आधी अर्ज केला होता का? आणि लिहिलंय नो."

तौकीर हसला. "अगो, तो प्रश्न नवा असेल. कोण बघतंय?"

"दे विल हॅव द ओल्ड वन, चाचा." मग शिक्षिकेने समजावावे तसे तिने मराठीत सांगितले, "जुना फॉर्म त्यांच्याकडे असणार. आणि इथे खाली लिहिलंय, खोटं निघालं तर अर्ज कायमचा रद्द."

तौकीरने चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच तो फॉर्म वाचायला घेतला. जमालुद्दीन हळू आवाजात म्हणाला, "मग तेवढं एक दुरुस्त कर."

"तेवढं एक नाय रे," तौकीर म्हणाला. "जुना फॉर्म काढला, तर सतरावा पण निघंल. त्यात तू लिहिलंयस..." आणि त्याची नजर हुदाकडे गेली.

"काय लिहिलंय?" हुदाने विचारले.

मित्रांनो, शाळेतल्या नशाविरोधी स्पर्धेत हुदाच्या चित्राला दुसरा नंबर मिळाला होता. ते चित्र त्यांच्या घरी फ्रिजवर लावलेले होते, असे जमालुद्दीनच आठवड्यापूर्वी तौकीरला अभिमानाने सांगून गेला होता. आता तो पेनचे टोपण लावत होता आणि काढत होता. नोकरी जाण्याची भीती त्याने महिनाभर नीट सोसली होती. ही भीती निराळी होती.

"हुदा, जा, कोल्ड स्टोअरमधून ज्यूस आण," तौकीर म्हणाला.

"थांब," जमालुद्दीन म्हणाला. "जाऊ नको. ऐक. मी एकोणीस वर्षांचा असताना हर्णैला होडीवर जायचो. तिथं एक म्हातारा खलाशी चिलीम ओढायचा. गांजाची. एक दिवस मीपण ओढली. दोन झुरके. मग होडीच्या कडेला बसून ओकलो. परत कधी नाय."

एसी घरघरत राहिला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर काहीतरी फिरत होते, तिकडे हुदा बघत राहिली.

"यू स्मोक्ड ड्रग्ज," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"अँड यू टोल्ड देम? त्या वेळी?"

"हो. म्हणून तर नोकरी नाय मिळाली."

"एकटा येडा," तौकीर पुटपुटला. "बाकी सगळे नो."

हुदाने फॉर्म पुन्हा जवळ ओढला आणि बोट ठेवून सतरावा प्रश्न हळूहळू वाचला. गेल्या तीन वर्षांत गांजा घेतला आहे का? त्याखाली एक नवी ओळ होती. त्याआधी घेतला असल्यास केव्हा व किती ते लिहा; केवळ त्यावरून अर्ज नाकारला जाणार नाही.

तिने तो फॉर्म बाजूला सारला. दुकानातले बाकीचे सगळे फॉर्म आधीच भरलेले होते. कोरा फॉर्म वकिलातीच्या खिडकीवर एक वाजेपर्यंतच मिळे. "यल्ला, अब्बा," ती म्हणाली. यल्ला म्हणजे तिथल्या अरबीत 'चला'. दोघे टॅक्सी शोधायला उन्हात गेले.

मी वाट पाहत होतो, तोवर तुम्हाला दोन गोष्टी सांगून ठेवतो. गांजा वाईटच. जमालुद्दीनही तेच सांगेल. त्या वकिलातीने गांजाला चांगले म्हटले नव्हते. वीस वर्षांपूर्वीच्या दोन झुरक्यांवरून सगळा माणूस मोजायचा नाही, एवढेच ठरवले होते. दुसरी गोष्ट माझ्याबद्दल. तुमच्या घरी असे एखादे जुने यंत्र असेल, तर त्याला तेल द्या, त्याची धूळ पुसा. आणि त्याच्याकडून उत्तर लिहून घेण्याआधी प्रश्न पुरता वाचा. आम्ही यंत्रे वाचत नाही. ते काम तुमचे आहे.

साडेबाराला ते परतले. हुदाच्या हातात कोरा फॉर्म होता. तौकीरने माझी अक्षरे ब्रशने घासली. किती दिवसांनी. मग कागद चढवला. सवयीने त्याचे बोट 'एन'वर गेले.

हुदाने माझ्या अक्षरांवर पालथा हात ठेवला. "चाचा, तुम्ही आधी नाही मारायचं. मी वाचणार, अब्बा सांगणार, मग तुम्ही."

"जी मॅडम," तौकीर म्हणाला.

तिने खुर्ची ओढली, बापाला बसवले आणि स्वतः त्याच्या शेजारी उभी राहिली. एकेक प्रश्न इंग्रजीत वाचून ती त्याला मराठीत सांगू लागली. नाव. उंची. वजन. आधी अर्ज केला होता का? होय, १९९१. असे करत ती सतराव्यावर आली. तौकीरचे हात माझ्यावर थांबले होते. जमालुद्दीन मुलीकडे न बघता टेबलाकडे बघत होता.

हुदाने तो प्रश्न उंची आणि वजन विचारले होते, त्याच आवाजात वाचला.

"तीन वर्षांत नाय," जमालुद्दीन म्हणाला. "त्याआधी एकदा. एकोणिसाव्या वर्षी."

माझी अक्षरे उठली, कागदावर पडली. हुदाने ती वाकून तपासली, अर्धवट उठलेले 'ई' पेनाने नीट केले, आणि पुढचा प्रश्न वाचला.