मालनबाईंच्या निरोपाचा फोटो

"मालनबाई कुठंय ह्यात?"

गनीसरांनी मोबाइल काउंटरवर आपटला. शिरूर स्टँडजवळच्या त्या फोटो-झेरॉक्सच्या दुकानात रांगेतली माणसं चपापली. दुकानातला रविराज सरांच्याच वस्तीशाळेत शिकला होता. सर पोरांवर ओरडलेले त्याला आठवत नव्हते.

"मधीच असतील की, सर."

"मधी सोपानराव बसलेत. नीट बघ."

वीस वर्षं शाळेची खिचडी शिजवणाऱ्या मालनबाईंचा आदल्या दिवशी निरोप समारंभ झाला होता. फोटो सरांनी स्वतः काढला होता. मधली खुर्ची बाईंसाठीच मांडली होती, पण शाळा समितीचे अध्यक्ष सोपानराव, गावचे आप्पा, आले तशा त्या उठल्या आणि रांगेच्या टोकाला, ऊसतोडीवाल्यांच्या दोन पोरींशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. सरांनी दोनदा बोलावलं. "हितंच बरं हाय," म्हणाल्या. सोपानरावांनी तो फोटो चौरस करायला रविराजकडे धाडला. सकाळी तो गावच्या ग्रुपवर आला. वर मोठ्या अक्षरांत 'मालनबाईंना भावपूर्ण निरोप', खाली पासष्ट अंगठे. मालनबाई नाहीत. त्या दोन पोरीही नाहीत.

"आडवा फोटो सर, चौकोनात बसंना. मग दोन्ही कडा उडवल्या."

"उडवल्या? सरक तिकडं."

सर आत शिरून त्याच्या खुर्चीत बसले. आवाज चढलेलाच होता, तरी समजावल्याशिवाय त्यांना राहवेना. "हे बघ. कोपरा धरायचा आणि आत ढकलायचा. सगळा फोटो लहान होतो, कुणी कापलं जात नाही. वर-खाली पांढरी पट्टी उरते, उरू दे. नाव तिथं लिही."

"पण तोंडं बारीक दिसत्यात, सर. आप्पा चिडतील."

"सगळ्यांचीच बारीक होतील, एकट्या आप्पांचं नाही. चार वर्षं त्या बाईच्या हातचं मागून मागून खाल्लंस. कापताना हात कसा उठला रे तुझा?"

रविराज रांगेतल्या माणसाचं झेरॉक्स काढायला वळला.

पूर्ण फोटो सरांनी तिथूनच ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत तो गायब झाला आणि ग्रुपचे अ‍ॅडमिन सोपानरावांचा फोन आला. "सर, एकदा टाकलाय की. ह्यात आमी मुंग्यांवानी दिसतोय. बाईचं नाव हाय ना वर? मग झालं."

"नाव तिचं आन् तोंड तुमचं, व्हय आप्पा?"

पलीकडून उत्तर यायच्या आत सरांनी फोन बंद केला आणि मोटरसायकलला किक मारली. वस्ती येईपर्यंत ते स्वतःशीच बोलत होते.

मालनबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. "या सर, बसा. च्या टाकते."

"चहा राहू द्या. फोटो बघितलात?"

"दौंडवरनं सीमाचा फोन आलता सकाळीच. कुनीतरी धाडला म्हनं तिला. म्हनली, आये, तुझाच निरोप आन् तूच कुठं दिसंना?"

सरांनी घाईनं मोबाइल काढला. "हा खरा फोटो. ह्यात तुम्ही आहात. लेकीचा नंबर सांगा, आत्ता पाठवतो."

बाईंनी पदराला हात पुसले, मोबाइल घेतला आणि स्वतःला शोधलं. बराच वेळ पाहत राहिल्या. "पदर नीट आलाय," म्हणाल्या. मग मोबाइल परत दिला.

"नगा पाठवू, सर."

"का?"

"म्या तिला सांगितलं, फोटू म्याच काढला. सरांनी मोबाइल माझ्या हातात दिला, म्हनलं. लई खूश झाली. समद्या सासरला सांगत सुटलीया."

सरांनी फोटो बंद केला.

"सर," बाईंनी आवाज बारीक केला, "फोटू काढाया कुठं दाबायचं असतंय? सीमानं इचारलं तर?"

सरांनी कॅमेरा उघडून दिला. खालचा गोल दाखवला, बोट भिंगावर येऊ द्यायचं नाही हे दाखवलं. बाईंनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला, दोन पावलं मागं सरकल्या आणि एक डोळा मिटला.

"हसा की, सर."

सरांना हसता येईना. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग दाबलं.