मानेपासून टाचेपर्यंत

माझ्या धाकट्या जावेवर मी जळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच चांगली समजणार नाही.

जळायला कारणं भरपूर होती. आम्ही दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या. पाळी जायच्या दिवसांत मी घामानं भिजून पंख्याखाली बसायचे आणि ही बाई तलावावर मुलींना पोहायला शिकवायची. तीन वर्षांपूर्वी दुकानात कापडाचा तागा उचलताना माझा तोल गेला, मी हात टेकला आणि मनगट मोडलं. तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. तेव्हापासून घरात मला ‘जपून चाल गं’ आणि तिच्याबद्दल ‘बघा, कशी ताठ चालते’. हे दुसरं वाक्य सासूबाईंचं. माझ्या नवऱ्यानंही ते एकदा जेवताना म्हणून पाहिलं. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

तिच्या ताठपणाचं सगळं श्रेय सोयाला. सकाळी सोयाचं दूध, दुपारी टोफू, कणकेत सोयाचं पीठ. मनातल्या मनात मी तिला सोयाबाईच म्हणायचे. माझ्यासाठीही ती बाटली भरून आणायची.

“ताई, गोळ्या कशाला गिळता? हे प्या.”

“तू एकदा हाडांची तपासणी तरी करून घे,” मी म्हणायचे.

“मला काय धाड भरलीय?”

आणि खरंच, तिला बघून तसंच वाटायचं. तेच तर दुखायचं.

मी बायकांचे कोट आणि पँट्स शिवते. मला शिवण शिकवणाऱ्या मास्तरांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचं अंग बदललं तर तोंडानं बोलायचं नाही, दोष कापडाला द्यायचा. कंबर वाढली तर कापड आटलं, खांदा उतरला तर कापड ढिलं पडलं. खरा आकडा फक्त वहीत. या नियमावर माझी गिऱ्हाइकं वीस वर्षं टिकून आहेत.

जावेचा लांब कोट मी चार वर्षांपूर्वी शिवला, तेव्हा मानेपासून टाचेपर्यंत चौपन्न इंच भरले होते. मागच्या वर्षी ती म्हणाली, कोट लांब वाटतोय. मी माप घेतलं. साडेत्रेपन्न. पायांचं माप मात्र जसंच्या तसं. माझ्या डॉक्टरीणबाई दर खेपेला माझी उंची कशासाठी मोजतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. मणके दबले की माणूस बुटकं होतं.

“कापड ढिलं पडलंय,” मी म्हणाले आणि कड दुमडून दिली.

अर्धा इंच तर टेपही इकडेतिकडे होऊ शकते, असं मी स्वतःला समजावलं. पण त्या संध्याकाळी मी गुणगुणत इस्त्री केली. तिचंही काहीतरी कमी झालं होतं आणि ते फक्त मला माहीत होतं. मला आतून बरं वाटलं.

यंदा ती नवा कोट शिवायला आली. तलावावरच्या बायकांनी तिला भाषणाला बोलावलं होतं. चाळीस बायका येणार होत्या.

“त्या तपासण्यांच्या नादी लागू नका, सोया खा. एवढंच सांगणार आहे,” ती म्हणाली.

जुना कोट घालून ती आरशासमोर उभी राहिली. पुढची कड मागच्यापेक्षा खाली लोंबत होती. मी टेप लावली. साडेबावन्न. पुन्हा लावली, तेवढंच. आकडा वहीत लिहिला.

मनात आलं, जाऊ दे हिला, बोलू दे चाळीस जणींसमोर. एक दिवस पडेल तोंडघशी. तेवढ्यात माझ्या हातून खडू पडला. तो उचलायला ती वाकली आणि अर्ध्यातच टेबल धरून थांबली.

“पाठ धरलीय जरा. महिना झाला,” ती म्हणाली. “घरी बोलू नका हं.”

ती घाबरली होती. सोयाबाईला घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. मी वही उघडून तिच्यापुढे ठेवली आणि तिन्ही आकड्यांवर बोट ठेवलं.

तिनं ते दोनदा वाचले. “मागच्या वर्षी तुम्ही म्हणालात, कापड ढिलं पडलं.”

“हो.”

“म्हणजे तुम्हाला कळलं होतं.”

“कळलं होतं. तुझी जिरली म्हणून बरंही वाटलं होतं.”

 ती कोट काढून घडी घालत बसली. नंतर म्हणाली, “तुमच्या डॉक्टरीणबाई उद्या असतात का?”

मी तिच्याबरोबर गेले. तिची हाडं माझ्यापेक्षा वाईट निघाली. दोन मणके दबले होते, एक नवा, एक जुना.

“पण मी रोज सोया खाते,” जाऊ म्हणाली.

“खात राहा, चांगलं अन्न आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण हाडांना त्याचा किती फायदा होतो, यावर अभ्यासांचं एकमत नाही. सोया खाल्लं म्हणून तपासणी आणि औषध चुकत नाही.”

“जुना म्हणजे किती जुना?”

“नक्की सांगता येणार नाही. वर्षभराचा असू शकेल.”

जावेनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

भाषण तिनं केलं. मात्र आपल्या मणक्यांची गोष्ट सांगितली आणि सगळ्यांना तपासणी करा म्हणाली. टाळ्या पडल्या. सासूबाई म्हणाल्या, “बघा, कशी धीराची आहे.” मणके दबूनही बाईच वरचढ, म्हणून मी पुन्हा जळले.

ती दर तीन महिन्यांनी उंची मोजायला दुकानात येते. मापं मीच घेते. आकडा मोठ्यानं सांगायचा, अशी तिची अट आहे, आणि वही ती स्वतःच्या हातात धरते.