कुंदाबाईंच्या डोळ्यांतला भंडारा

रावेरच्या बाहेर केळीच्या पॅकिंग शेडमध्ये बायका रांग लावून माझ्या सासूबाईंच्या पाया पडत होत्या. कारण काय, तर त्यांचे डोळे पिवळे झाले होते!

"बघा, बघा! डोळ्यांत आईचा भंडारा उतरलाय!" स्टेजवरून भंडारीबाबा माइकवर केकाटत होता. "शेजारच्या या सुंदरबाई, त्यांच्याही डोळ्यांत उतरू लागलाय! ज्याची भक्ती पक्की, त्याच्याच डोळ्यांत उतरतो!"

भक्ती म्हणे! मी शाळेत विज्ञान शिकवते. पोरांच्या आचरट उत्तरांवर रोज हसते, पण तिथं हसू येईना. टाळकं तापलं होतं.

सासूबाईंना, म्हणजे कुंदाबाईंना, बऱ्याच वर्षांचा आमवात. सकाळी बोटं अशी आखडायची की त्यांची वेणी मी घालायची. जळगावच्या डॉक्टर प्रज्ञाताईंचं औषध चालू होतं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, आणि ती यकृताला जड जाऊ शकते म्हणून अधूनमधून रक्ततपासणी. मग हा बाबा उगवला. पाण्यातून भंडाऱ्याची, म्हणजे देवीच्या हळदीची, पुडी घ्यायची, बस्स. थोड्याच दिवसांत सासूबाई स्वतः भाकरी थापायला लागल्या. मीही चाट पडले, खोटं कशाला सांगू? आठवड्याची गोळी चालूच होती, यकृताची तपासणी मात्र त्यांनी सोडून दिली.

बाबा महाबिलंदर. देवीचं नाव घ्यायचा, पण धंदा करायचा लॅबच्या रिपोर्टवर. स्टेजमागे लॅमिनेट केलेले रिपोर्ट टांगलेले. "सीआरपी! अंगातली सूज सांगणारी तपासणी! शंभराच्या घरात होती, आता पार तळाला! डॉक्टर लोक तोंडात बोट घालून बसलेत!"

आमच्या डॉक्टर काही तोंडात बोट घालून बसल्या नव्हत्या. सकाळीच मी त्यांना सासूबाईंच्या डोळ्यांचा फोटो पाठवला होता आणि पुडीचं, सीआरपीचं सगळं कळवलं होतं. लगेच फोन आला. "रूपाली, आजच्या आज आण. ही कावीळ आहे. अगं, सीआरपी यकृतातच तयार होतं. पुडीत स्टेरॉइड असेल तर सूज दबते आणि आकडा झपाट्यानं उतरतो. आणि यकृतच निकामी व्हायला लागलं, तरीही उतरतो. आकडा उतरला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. पुडी सोबत आण."

पण सासूबाई स्टेजवरून हलायला तयार नाहीत. "मले कावीय नाही व! देवीनं दिलं, तुह्या डॉक्टरीणबाईले काय कयते?" माझा नवरा ललित गाडीची किल्ली हातात घेऊन स्टेजखाली उभा. आईपुढे बोलायची त्याची छाती नाही.

शेवटी मीच स्टेजवर चढले. "बाबा, हळदच आहे ना ही? मग गाळून बघू या."

"आईची परीक्षा?" बाबा गरजला. "तोंड वाकडं होईल!"

"होऊ द्या. तुम्ही करालच की सरळ!"

गर्दीत खसखस पिकली. सासूबाई भडकल्या. कमरेची पिशवी उघडून त्यांनी स्वतःची पुडी काढली आणि पाण्याच्या ग्लासात उपडी केली. "घे, गाय तुह्या रुमालातून! होऊ दे तुहं समाधान!"

मी रुमाल धरला, त्यांनी ओतलं. पिवळं पाणी गळून गेलं. रुमालावर पिवळा गाळ राहिला, त्यात पांढरट कण, आणि नीट न कुटलेला एक तुकडा. गोळीचा. मधोमध रेघ.

सासूबाईंनी तो चिमटीत धरला आणि रेघेवरून नख फिरवलं. "ही मोडाची रेघ हाये," त्या म्हणाल्या. "माही बीपीची गोई मी अशाच रेघेवर मोडते. देवीच्या भंडाऱ्याले मोडाची रेघ कशाले रे बाबा?"

माइक चालू होता. सगळ्या शेडनं ऐकलं.

"हिनं टाकली! हिनंच टाकली!" बाबा माझ्याकडे बोट करून ओरडला.

"पुडी माह्या कमरेले होती, मेल्या!"

बाबाला एकाएकी ध्यानाची वेळ आठवली आणि तो मागच्या दारानं सटकला. पोलिसांनी त्याला बऱ्हाणपूरच्या रस्त्यावर धरला.

जळगावला तपासणीत निघालं ते असं: हळदीत स्टेरॉइड आणि दुखणं मारणाऱ्या गोळ्यांचा कूट. आधीच्या गोळीवर हा मारा, यकृतानं सोसायचं तरी किती? सासूबाई वेळेत पोचल्या म्हणून वाचल्या. डोळे हळूहळू पांढरे झाले. बोटं मात्र पुन्हा आखडली, वेणी पुन्हा मी घालते, आणि डॉक्टर नव्यानं औषध बसवताहेत. "दुखते व," सासूबाई म्हणतात, "पण आता फसवून नाही दुखत."

सुंदरबाई मात्र दवाखान्यात आल्या नाहीत. ललित गाडी घेऊन त्यांच्या दारात गेला होता. "माही भक्ती कुंदीसारखी कच्ची नाही," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्यांच्या दहाव्याला आम्ही गेलो, तर अंगणात कुणीतरी म्हणत होतं, आईनं जवळ बोलावलं.

आईनं नाही बोलावलं! एका लुच्च्यानं गोळ्या कुटून पाजल्या आणि आपण बसून टाळ्या वाजवल्या. तसली पुडी तुमच्या घरात असेल तर लपवू नका, मनानं एकदम बंदही करू नका, स्टेरॉइड अचानक तुटलं तरी जिवावर बेतू शकतं. पुडी आणि माणूस दोन्ही आजच डॉक्टरांकडे न्या. आणि कुणाचे डोळे पिवळे दिसले तर त्याच्या पाया पडू नका हो. त्याला गाडीत घाला.